पहिल्या छऱ्याचा मान

शेषेराव जो शब्द बोलला होता तो गुणाबाईनं दोन वर्षं जपून ठेवला होता, लग्नातला शालू ठेवावा तसा घडी घालून. अधूनमधून काढायची, उन्हाला द्यायची, परत ठेवायची. कसर म्हणून लागू दिली नाही.

तो शब्द कळायचा तर आधी गावाची रीत सांगायला पाहिजे. रेणापूरपासून दोन कोसावरच्या त्यांच्या गावात दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी वेशीबाहेरच्या आपट्याला एक मातीचं बोळकं टांगतात. बोळक्यात गुलाल. ते बंदुकीनं फोडायचं, गुलाल सांडला की मगच आपट्याच्या पानाला हात लावायचा. पूर्वी बोळक्याच्या जागी कोहळा असायचा आणि लायसनची बंदूक असायची. पण दर निवडणुकीला ती बंदूक ठाण्यात जमा करा, परत आणायला हेलपाटे घाला, याला कंटाळून गुणाबाईचा नवरा भागवतराव यानं नांदेडच्या दुकानातून छऱ्याची बंदूक हौसेनं आणली आणि तेव्हापासून तीच चालू झाली. फोडायचा मान थोरल्या घराचा, म्हणजे भागवतरावाचा. बावीस दसरे त्यानं फोडलं. गुणाबाई मागं उभी असायची, आणि गुलाल सांडला की अख्खा गाव आधी तिच्या हातावर सोनं ठेवायचा.

भागवतराव गेला. त्या वर्षी सुतकाचं घर म्हणून धाकटा दीर शेषेराव आला, बंदूक पूजेला नेतो म्हणाला आणि घेऊन गेला. त्यात काही वावगं नव्हतं. पुढच्या दसऱ्याला गुणाबाईनं बंदूक परत मागितली. तिचा बेत साधा होता, पोटी लेकीच, पण थोरला जावई येणार होता, त्याच्या हातून फोडायचं. शेषेरावानं वेशीवर, सगळ्या गावासमोर, मिशीवर हात फिरवत सांगितलं, "वैनी, ज्या घरात बंदूक उचलायला घरचा गडी न्हाई, त्या घरानं मानाचं नाव काढू न्हाई. तुम्ही आपलं वातीला तेल बघा."

शब्द तो हा. आणि शब्दापेक्षा वाईट एक गोष्ट झाली. शेषेरावाची बायको केवळाबाई पदराआड हसली. गुणाबाईनं ज्या जावेला न्हाऊ-माखू घातलं, जिची तीन बाळंतपणं केली, ती हसली.

मागच्या दसऱ्याला गुणाबाई वेशीकडं गेलीच नाही. गावानं म्हटलं, थकली म्हातारी. म्हातारी घरात बसून विचार करत होती.

या वर्षी आषाढ लागला तशी ती उठली आणि ईश्वरप्पाच्या दुकानात जाऊन बसली. ईश्वरप्पा किराणावाला, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, देवस्थानचा पंच. गावातल्या रीतीभातीचा कागद कुठं नव्हता, तो सगळा ईश्वरप्पाच्या डोक्यात होता. गुणाबाईनं त्याला सरळ विचारलं की बाईनं बोळकं फोडू नये असं कुणी कधी बोललंय का. ईश्वरप्पानं तराजूतली साखर पुडीत ओतली, दोरा बांधला, मग सांगितलं की रीत दोन घरांची आहे. ज्याच्या घरी बंदूक, त्यानं आधी तीन छर्रे मारायचे. चुकला तर दुसऱ्या घरानं तीन. जो फोडील त्याच्याकडं बंदूक आणि मान. बाई की गडी हे कुणी बोललेलं त्याला आठवत नव्हतं.

"पण अक्का," तो म्हणाला, "तुम्ही उचलली आन् चुकलात, तर लोक तुमच्या तेराव्याला बी हसतील."

गुणाबाई म्हणाली की तेव्हा ऐकायला आपण नसू, आणि उठली.

गावात तिनं दाढ दुखते असं सांगितलं आणि लातूरला धाकट्या लेकीकडं, उज्वलाकडं गेली. उज्वलाला मात्र खरं सांगितलं. उज्वला आधी हसली, मग आईचं तोंड बघून गप्प झाली, आणि दोन दिवसांनी पत्ता घेऊन आली. एका मैदानाच्या मागं लांब पत्र्याचा हॉल होता, तिथं नवशिक्यांना नेमबाजी शिकवत. शिकवणारी उदगीरची, मंजुश्री नावाची, तिशीतली पोरगी. केस आखूड, आवाज त्याहून आखूड. घरी फोनवर कानडी बोलायची आणि हॉलमध्ये फार कमी बोलायची.

तिनं लुगड्यातली गुणाबाई बघितली आणि विचारलं, "आज्जी, नातीला सोडायला आलात का?"

"आज्जी तुझ्या घरी आसंल. मी शिकायला आले."

मंजुश्रीनं तिला आपादमस्तक बघितलं, वहीत नाव लिहिलं आणि तेव्हापासून मावशी म्हणायला लागली.

गुणाबाईला वाटलं होतं, गेल्या गेल्या बंदूक हातात देतील, दोन-चार दिवसांत नेम बसंल, मग गावाकडची गाडी. पहिल्या दिवशी बंदुकीला हात लावू दिला नाही. सहा जण होते, दोन कॉलेजच्या पोरी, एक बँकेतला कारकून, त्याची बायको, एक रिटायर मास्तर आणि गुणाबाई. सहाही जणांना ओळीत उभं करून मंजुश्रीनं नियम सांगितले, आणि एकेकाकडून मोठ्यानं म्हणवून घेतले. बंदूक कायम भरलेलीच समजायची, कुणी कितीही सांगितलं रिकामी आहे तरी. नळी कागदाकडं, माणसाकडं कधीच नाही, गमतीनंही नाही. नेम धरून होईपर्यंत बोट घोड्याच्या बाहेर. कागदाच्या मागं काय आहे ते आधी बघायचं, कागद नंतर. आणि डोळ्यावर चष्मा, न चुकता. ज्या बाईच्या एका हाकेवर गावातले चार गडी बैलं सोडून यायचे, तिला पोरीएवढ्या पोरीनं पाढे म्हणायला लावले. गुणाबाईनं म्हटले. आरती म्हणतात तशा सुरात म्हटले, म्हणून कॉलेजच्या पोरी खुसखुसल्या. त्यांच्याकडं तिनं असं बघितलं की त्यांचा पाढा चुकला.

दुसऱ्या दिवशी बंदूक मिळाली, छर्रा नाही. नुसती धरायची, टेकवायची, श्वास सोडायचा, घोडा दाबायचा, खाली ठेवायची. शंभर वेळा. तिसऱ्या दिवशी मंजुश्रीनं सगळ्यांना विचारलं की का शिकायचंय. कारकून म्हणाला मन एकाग्र व्हावं म्हणून, पोरी म्हणाल्या स्पर्धेसाठी, मास्तर म्हणाले वेळ जात नाही. गुणाबाईची पाळी आली. ती बंदूक हातात घेऊनच वळली, नळी कारकुनाच्या पोटावरून फिरली, आणि म्हणाली, "एकाला त्याची जागा दाखवायची हाय."

मंजुश्री दोन ढांगात आली. तिनं बंदूक गुणाबाईच्या हातातून काढून घेतली, जशी लेकराच्या हातातून कात्री काढून घेतात.

"मावशी, माणूस मनात धरून इथं कुणी बंदूक उचलत न्हाई. कागदासाठी उचलायची. जमत नसंल तर बाहेर बसा."

कारकून पोट चोळत होता. गुणाबाई बाहेर गेली, चपलांच्या रांगेपाशी पायरीवर बसली. तिला आयुष्यात असं कुणी उठवलं नव्हतं, सासूनंही नाही. तिनं ठरवलं की परत जायचं. पायात चपला घातल्या. मग तिला केवळाबाईचं हसणं आठवलं, आणि त्यापाठोपाठ कारकुनाचं पोट आठवलं. नळी खरंच फिरली होती. खोटं काय. भागवतराव असा वळला असता आणि समोर आपली लेक असती तर?

तिनं चपला काढल्या आणि आत आली.

"पोरी, राग बाहेर चपलांपाशी ठेवलाय. जाताना घेऊन जाईन."

मंजुश्री पहिल्यांदा हसली. "आन् कुणी नेला तर?"

"माझा राग उचलणारा आजून जन्मला न्हाई."

बंदूक परत मिळाली. चौथ्या दिवशी छर्रा मिळाला.

आता ही गोष्ट सूड घ्यायला निघालेल्या बाईची आहे, पण खरं ते सांगायला पाहिजे, गुणाबाईला मजा यायला लागली. पहिला छर्रा कागदाच्या कोपऱ्यात लागला, काळ्या गोलापासून वीतभर लांब. मंजुश्रीनं तो कागद आणून तिच्या हातात दिला. बारीकसं भोक, वाळलेल्या पापडात सुई टोचावी तसं. गुणाबाईनं ते उजेडाला धरून बघितलं. भोकातून खिडकी दिसत होती. साठ वर्षांत तिनं जे काही केलं होतं ते संध्याकाळपर्यंत कुणीतरी खाऊन टाकलं होतं, नाहीतर मळवून टाकलं होतं. हे भोक मात्र तसंच राहणार होतं, कुणाला भरून काढता येणार नव्हतं.

घोडा दाबणं तिला लवकर जमलं. मंजुश्री सांगायची की झटका द्यायचा नाही, हळूहळू दाब वाढवायचा, कधी सुटला ते आपल्यालाही कळता कामा नये. गुणाबाई म्हणाली की हे तर पहिलटकरीण देवणी गाईची धार काढायचं काम आहे. ओढलं की लाथ. अंगठ्याखाली दाबत यायचं, तिला कळू न देता. मंजुश्रीनं ते पुढच्या तुकडीला सांगितलं, पण शहरातल्या पोरांना गाईची धार कुठली माहीत.

श्वास जमायला वेळ लागला, आणि मन जमायला सगळ्यात जास्त. शेषेराव डोक्यात आला की भोकं शेळ्यांसारखी कागदभर चरायला जायची. काहीच डोक्यात नसलं की एकमेकांजवळ येऊन बसायची. काहीच डोक्यात न ठेवणं, हे चाळीस वर्षं अख्ख्या भावकीचा हिशोब डोक्यात ठेवलेल्या बाईला सोपं नव्हतं. पण यायला लागलं. कारकुनाशी तिची पैज लागायची, हरला की त्यानं चहा आणायचा. तो रोज चहा आणायचा. दहा दिवसांचा वर्ग संपला तरी दर गुरुवारी ती रेणापूरहून गाडी धरून लातूरला यायची. गावात सगळ्यांना काळजी, की म्हातारीच्या तोंडात अशा किती दाढा आहेत.

एका गुरुवारी कारकुनाच्या बंदुकीचा आवाज वेगळा आला. नेहमी चटकन ठो करायची, त्या दिवशी फुस्स झाली, गादीत बुक्की मारल्यासारखी. कागदावर भोक नाही. मंजुश्रीनं सगळ्यांना हात वर करून थांबवलं. छर्रा नळीत अडकला होता. तिनं काडीनं तो काढला आणि सांगितलं, "आवाज बदलला की थांबायचं. नळी कागदाकडंच ठेवायची, खाली ठेवायची आन् मला हाक मारायची. तोंडाकडून नळीत बघायचं न्हाई. दुसऱ्याचा आवाज बदललेला ऐकला तरी आधी तुम्ही ओरडायचं."

दसऱ्याच्या आदल्या गुरुवारी गुणाबाईच्या कागदावरची दहापैकी आठ भोकं काळ्या गोलात होती. मंजुश्रीनं त्या कागदावर सही करून दिली, नळी साफ करायची एक काडी दिली, आणि चष्मा दिला. जाताना विचारलं, "मावशी, चपलांपाशी ठेवलेलं न्यायचं विसरला न्हाईत ना?"

"हाव, घेतलं," गुणाबाई म्हणाली. आणि खरंच घेतलं होतं.

दसऱ्याला दुपार कलली तशी वेस भरली. आपट्याला बोळकं टांगलं होतं, त्याच्या मागं शेताचा उंच बांध. पाटावर बंदूक ठेवून केवळाबाईनं पूजा केली. हळद, कुंकू, ओल्या अक्षता, कापूर. आणि शोभा म्हणून एक टपोरं झेंडूचं फूल देठासकट नळीच्या तोंडात खोचलं. गेली तीन वर्षं ती हे करत होती, पण तेव्हा देठ बारीक असावा. यंदाचा जाड होता. तिनं तो अंगठ्यानं आत दाबून बसवला, फूल पडायला नको म्हणून. भागवतरावाच्या वेळी हे काम गुणाबाईचं होतं, आणि ती फक्त मागच्या लाकडी कुंद्याला हळदीचं बोट लावायची.

ईश्वरप्पानं रीत सांगितली. शेषेरावाचे तीन छर्रे, चुकला तर गुणाबाईचे तीन. गुणाबाईचं नाव निघाल्यावर लोक वळले. ती पुढं आली होती, आणि डोळ्यावर मंजुश्रीचा मोठा पांढरा चष्मा चढवला होता. कुणीतरी म्हणालं, वेल्डिंगवाली आली. हसणं झालं. केवळाबाई या खेपेला पदरसुद्धा न घेता हसली. शेषेराव म्हणाला, "वैनी, दाढ बरी हाय का?"

गुणाबाई म्हणाली, "भावजी, तुम्ही मारा."

शेषेरावानं फूल उपटलं. वरचं टपोरं फूल त्याच्या हातात आलं, ते त्यानं बायकोकडं टाकलं. देठ कुठं गेला ते त्यानं बघितलं नाही. गुणाबाईनं बघितलं. देठ हातात नव्हता, जमिनीवर नव्हता.

त्यानं बंदूक मोडून, म्हणजे नळी खाली वाकवून, छर्रा घातला, नेम धरला, घोडा दाबला.

फुस्स.

बोळकं हललं नाही, बांधावर धूळ उडाली नाही. लोकांना वाटलं नेम चुकला. गुणाबाईला कळलं. छर्रा देठाला अडकून नळीतच बसला होता. तिनं तेव्हाच ओरडायला पाहिजे होतं, तसं शिकवलं होतं तिला. ती ओरडली नाही. ती उभी राहिली आणि दिराच्या मानेवर चढत चाललेला लालपणा बघत राहिली. आणखी दोनदा फुस्स, मग आपण. देवानंच देठ घातला, असं तिच्या मनात आलं. मागून कुणीतरी म्हणालं, शेषेराव, बोळकं जवळ आणून टांगू का? गुणाबाईच्या पोटात गार गार वाटलं.

शेषेरावानं रागानं दुसरा छर्रा घातला, बंदूक बंद केली, खांद्याला लावली, आणि काय वाटलं कोण जाणे, परत उतरवली. बंदूक उभी केली, कुंदा जमिनीला टेकवला आणि आत काय झालंय ते बघायला वाकून एक डोळा नळीच्या तोंडाला लावला. त्याचा दुसरा हात खाली चाचपडत होता. अंगठा घोड्याच्या कडीत होता.

दोघांमध्ये पाच पावलं होती. ती पावलं गुणाबाई कशी चालली ते तिला नंतर आठवलं नाही.

"शेषेराव."

लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. त्यानं डोळा उचलला, तेवढ्यात तिनं नळी पकडून आभाळाकडं ढकलली आणि त्याचा अंगठा दबला. वेशीलगतच्या देवळाच्या पत्र्यावर टण्ण असं वाजलं. पत्र्यावरची कबुतरं उडाली. केवळाबाईच्या हातातलं फूल खाली पडलं.



गुणाबाईनं बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली. नळी बांधाकडं केली, मोडली, मागच्या बाजूनं उजेडाला धरून बघितली. पिशवीतून काडी काढून घातली आणि ढकलली. नळीला चिकटून राहिलेला, हळदीत भिजलेला देठाचा हिरवा चोथा बाहेर आला. तो तिनं ईश्वरप्पाच्या तळहातावर ठेवला. त्यानं त्याचा वास घेतला आणि केवळाबाईकडं बघितलं. काय झालं ते सगळ्यांना दिसत होतं.

लोक म्हणायला लागले की शेषेरावाचं झालं आता, गुणाबाई, मारा तुम्ही. शेषेराव तर जमिनीवर बसलाच होता, उजव्या डोळ्यावर तळवा धरून. डोळा ठीक होता, पण त्याला तो परत परत चाचपून बघावा वाटत होता. गुणाबाईनं बंदूक पाटावर ठेवली आणि ईश्वरप्पाला सांगितलं की भावजींना त्यांचे तिन्ही छर्रे परत द्या. ईश्वरप्पा म्हणाला, अक्का, कशाला. तिघांनी समजावलं. पण तिला जे पाहिजे होतं ते असं मिळून चालणार नव्हतं. उद्या पारावर हाच माणूस सांगणार होता की फुलाचा देठ आडवा आला, न्हाईतर वैनी कुठल्या फोडतात.

"देठानं हारलेला दीर मला नको," ती म्हणाली. "मला माझ्या हातनं पाहिजे. पण भावजी, बंदूक मी अशी न्हाई देणार. आधी मी म्हणते ते म्हणा. नळी माणसाकडं करणार न्हाई."

शेषेरावानं वर बघितलं. सगळा गाव बघत होता. त्याचा नांदेडचा जावईही, मोबाइल वर धरून. तो पुटपुटला.

"मागच्यांना ऐकू न्हाई आलं."

त्यानं मोठ्यानं म्हटलं.

"नळीच्या तोंडाला डोळा लावणार न्हाई."

म्हटलं.

"बंदूक रिकामी हाय असं कधी समजणार न्हाई." ते म्हटल्यावर तिनं अजून दोन म्हणवून घेतले, मग बंदूक त्याच्या हातात दिली. साठीला आलेल्या माणसानं वेशीवर उभं राहून पाच पाढे म्हटले, आणि पाचही वेळा गुणाबाईनं मान डोलावली, मास्तरणीसारखी.

त्याचा पहिला छर्रा झाडाच्या बुंध्यात गेला. दुसरा बांधावर. तिसरा मात्र दोरीला घासून गेला. बोळकं गरकन फिरलं, झोके खाऊ लागलं, आणि गुणाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. एक दोरा तुटला. दुसऱ्यावर बोळकं लटकत राहिलं. आपण काय करून बसलो, असं तिला त्या घडीला वाटलं. बोळकं सावकाश थांबलं. पडलं नाही.

आता तिची पाळी. तिनं बंदूक घेतली, आणि मारायच्या आधी सगळ्यांना मागं घेतलं. आपट्याच्या अंगाला उभ्या बाया, बांधावर चढलेली पोरं, सगळ्यांना. एकटी केवळाबाई पाटापाशी पुढंच उभी होती.

"केवळाबाई, मागं."

केवळाबाई मागं गेली.

पहिला छर्रा बोळक्याच्या डाव्या अंगानं गेला. बांधावर धूळ उडाली, लोक हं करून सुस्कारले. गुणाबाई धूळ कुठं उडाली तेवढं बघत होती. चार बोटं डावीकडं. हॉलमधली बंदूक असं करायची नाही, नवऱ्याची ही बंदूक डावीकडं ओढत होती. बावीस वर्षं तो ते ओळखून मारायचा आणि कधी बोलला नव्हता. तिनं दुसरा छर्रा घातला. मागं शेषेराव उभा होता, त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि राग तिच्या मनगटात उतरायला लागला. तिनं बंदूक खाली घेतली. वाट बघितली. लोक कुजबुजले, तिनं कुजबुजू दिलं. मग परत उचलली, चार बोटं उजवीकडं धरली, श्वास अर्धा सोडला आणि दाबत आली, दाबत आली.

कधी सुटला ते तिला कळलं नाही. गुलाल दिसला.

हलगी वाजली. ईश्वरप्पानं पहिलं सोनं तिच्या हातावर ठेवलं, पाठोपाठ सगळा गाव. धाकट्या घराची पाळी शेवटी आली. शेषेरावानं पान ठेवलं, वाकला, पायाला हात लावला. उठताना हळू आवाजात, तिच्यापुरतं बोलला, "वैनी, डोळा वाचवलात. लई उपकार झाले."

त्याचे डोळे भरले होते. दुसरी एखादी असती तर विरघळली असती. गुणाबाईनं चष्मा काढून पदराला पुसला.

"उपकार कशाचे, भावजी. तुम्ही आंधळे झाला असता तर ह्यो गुलाल कुणी बघितला असता? आता जगा शंभर वर्षं. दर दसऱ्याला बघा." आणि त्याच्या खांद्यावरून मागं बघून म्हणाली, "केवळाबाई, आज हसू आलं न्हाई व्हय?"

केवळाबाईनं खाली बघितलं. ते खाली बघणं गुणाबाईनं नीट, सावकाश, पोट भरेपर्यंत बघून घेतलं.

घरी येऊन तिनं बंदूक मोडून बघितली, पुसली, भागवतरावाच्या खुंटीला टांगली. मग मंजुश्रीला फोन लावला. मंजुश्रीनं आधी किती छर्रे लागले ते विचारलं, दुसऱ्यात फुटलं म्हटल्यावर खूश झाली. गुणाबाईनं तिला सगळं सांगितलं. देठ, फुस्स, डोळा, पत्रा. काही गाळलं नाही. गावात कुणाला कळलं नव्हतं की पहिल्या आवाजालाच म्हातारीला सगळं ठाऊक झालं होतं. तेही सांगितलं.



"मावशी, पहिल्या फुस्सलाच ओरडायचं होतं."

"हाव. ओरडायचं होतं."

"मग?"

गुणाबाई ओट्यावर बसली. अंगणात सोन्याची पानं पडली होती, शेजारची शेळी ती खात होती. दुसऱ्या कुणाला तिनं काहीबाही सांगून वाटेला लावलं असतं.

"तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू, मंजुश्री. त्यो आवाज मला लई गोड लागला."

मंजुश्रीनं श्वास सोडलेला ऐकू आला. मग ती म्हणाली की गुरुवारी या, पण नेमासाठी नाही. महिनाभर नव्या तुकडीच्या मागं उभं राहायचं, कुणाचा आवाज बदलतो का ते ऐकायचं आणि ओरडायचं. स्वतः एकही छर्रा मारायचा नाही. कबूल असंल तर या, नसंल तर काडी आणि चष्मा पोस्टानं पाठवून द्या.

सूड पुरा झालेल्या बाईला आता लातूरला जायचं काही कारण उरलं नव्हतं. गुणाबाईनं शेळीला हाकललं.

"महिनाभर म्हंजे चार गुरुवार का पाच, ते नीट सांग," ती म्हणाली.